यशोगाथा आणि हिशेबाची वही

मराठीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक गद्यप्रकार गावोगाव फोफावला, पण त्याची समीक्षा करावी असे कोणाला वाटले नाही. हा प्रकार म्हणजे महिला बचत गटाची यशोगाथा. ८ मार्चच्या पुरवण्या, सरकारी मासिके, बँकांच्या आणि महामंडळांच्या पुस्तिका, प्रदर्शनातल्या दालनांबाहेरचे फलक, इतक्या ठिकाणी ती छापली जाते की आपल्या नावाजलेल्या कथाकारांना हेवा वाटावा. साहित्यव्यवहारात मात्र तिला जागा नाही, कारण तिला लेखक नसतो. असलाच तर खाली बारीक अक्षरात 'शब्दांकन' म्हणून कोणाचे तरी नाव असते.

मी पदवीधर नाही. सोलापुरातल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि वाचायचे कसे हे तिथेच कळले. आमच्याकडे दोन तऱ्हेचे काम येई. एक, यशोगाथांच्या पुस्तिका. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे. दुसरे, बचत गटांच्या कोऱ्या वह्या. इतिवृत्त, रोकडवही, खतावणी आणि सभासदांची पासबुके. पुस्तिकेचा मजकूर छापला की संपे. वहीचा मजकूर आमचे काम संपल्यावर सुरू होई. या वह्या भरल्यावर कशा दिसतात ते पाहावे म्हणून मी त्या मागून वाचू लागलो. शहरातल्या विडी कामगार वस्त्यांतल्या आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ तालुक्यांतल्या काही मोडलेल्या गटांच्या वह्या तिथल्या बायकांनी विश्वासाने माझ्या हाती दिल्या. त्यांची नावे इथे येणार नाहीत.

यशोगाथेचा साचा ठरलेला आहे. आधी अंधार असतो: नवऱ्याचे व्यसन, दुष्काळ, किंवा आमच्या शहरात लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी गिरण्यांचे थांबलेले भोंगे. मग कोणी ताई किंवा साहेब येतात आणि 'मार्गदर्शन' करतात. दहा-बारा जणी जमतात, महिन्याला शंभर रुपये टाकू लागतात. मग बँकेचे कर्ज, मग पापड-शेवया, आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. शेवटी मुलगी शिकते, घरावर स्लॅब पडतो आणि नवरा कौतुकाने बघतो. पैसा हाती आल्यापासून तो फिटेपर्यंतचा काळ, म्हणजे या व्यवहारातला खरा काळ, एका वाक्यात उरकलेला असतो: कर्जाची नियमित परतफेड केली. कोणी मागितले, कोणाला नाही म्हटले, कोणाचा हप्ता कोणी भरला, व्याज किती आणि ते कोणाकडे गेले, यातले काही नसते. गोष्ट पैशाची, पण हिशेब गाळलेला.

हिशेब गाळण्याची ही सवय या वाङ्मयाला जन्मापासून आहे. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि बचत गटांवरच्या पत्रकांत एक माहिती वारंवार येते: महाराष्ट्रातला पहिला बचत गट १९४७ साली अमरावतीत काही महिलांनी २५ पैसे बचतीतून सुरू केला. शेकडो वेळा छापले गेलेले हे वाक्य कोणी थांबून वाचलेले दिसत नाही. १९४७ मध्ये २५ पैसे नव्हतेच. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी रुपयाचे आणे सोळा, आणि आण्याचे पैसे चार. त्या बायकांनी टाकले असतील तर चार आणे टाकले असतील. पुढे कोणीतरी त्याचे भाषांतर केले आणि भाषांतर केल्याचे सांगितले नाही. अमरावतीची घटना खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण ज्याने हे वाक्य प्रथम लिहिले त्याच्यासमोर त्या गटाची वही नव्हती, एवढे या एका आकड्यावरून कळते. वही समोर असती तर तिच्यात रुपये-आणे-पै असे तीन रकाने दिसले असते.

ताजे उदाहरण 'लखपती दीदी' या शब्दाचे. २०२३ च्या स्वातंत्र्यदिनी दोन कोटी लखपती दीदींचे उद्दिष्ट जाहीर झाले, २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ते तीन कोटींवर गेले. व्याख्या अशी, की गटातल्या बाईच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख किंवा अधिक हवे. घरात पाच माणसे धरली तर माणशी दिवसाला पंचावन्न रुपये होतात. 'लखपती' या मराठी शब्दाला पूर्वी वाडा आणि घोडागाडी चिकटलेली असे. आता हा शब्द दिवसाला पंचावन्न रुपयांपाशी येऊन थांबला, आणि यशोगाथेने तो जसाच्या तसा उचलला.

आता वही. इतिवृत्ताचे पान उघडले की वर तारीख, हजर सभासद, गैरहजर सभासद, मग ठराव. भाषा सरकारी, 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द ओळीओळीला. पहिल्या दहा पानांत कंटाळा येतो. मग हळूहळू माणसे दिसू लागतात. गैरहजेरीच्या रकान्यात कारणे असतात: बाळंतपण, दवाखाना, माहेरी मयत, कारखान्यात विड्या द्यायला रांग. कर्जाच्या कारणात पहिली दोन वर्षे पापड नसतोच. दवाखाना, शाळेची फी, पत्रे, दिवाळी, सावकाराची फेड हे असते. एका वहीत एकीच्या नावापुढे सलग सात आठवडे 'हप्ता आला नाही' आणि आठव्या आठवड्यात 'तिघींनी मिळून भरला' अशी नोंद आहे. त्या तिघींत काय बोलणे झाले असेल ते वहीत नाही. तरीही छापील पुस्तिकांच्या गठ्ठ्यापेक्षा ही एक ओळ मला जास्त सांगते.

या वह्यांचे अक्षर पाहिले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: ही वही लिहिली कोणी? सरकारी पद्धतीत पंचसूत्री शिकवतात: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. पहिली चार सूत्रे गटाने मिळून पाळायची असतात. पाचवे एकटीच्या अंगावर पडते. कागदोपत्री ते काम सचिवाचे. प्रत्यक्षात अक्षर असते सचिवाच्या नववी-दहावीतल्या मुलीचे, शेजारच्या अंगणवाडी ताईंचे, कधी एखाद्या संस्थेच्या कार्यकर्तीचे. मुलीचे लग्न झाले की वहीतले अक्षर बदलते. दोन-तीन महिने खाडाखोड होते, मग दुसरे अक्षर स्थिरावते. यशोगाथेत ही मुलगी मला एकदाही भेटलेली नाही.

आमच्या पूर्व भागात तिच्यावर आणखी एक काम पडते. तिथल्या विडी वळणाऱ्या बायका बहुतेक पद्मशाली, घरात तेलुगू बोलणाऱ्या. बैठक तेलुगूत होते आणि वही मराठीत लिहिली जाते. अक्कलकोटकडे बैठक कन्नडात. म्हणजे लिहिणारी मुलगी लेखनिक असते तशी दुभाषीही असते. अक्कांनी काय म्हटले आणि ठरावात काय उतरले, यातले अंतर तिलाच माहीत. भाषांतराच्या अभ्यासकांनी या वह्यांकडे यावे असे मला फार वाटते. अजून कोणी आलेले नाही.

या लेखनाची किंमत काय, हे काढायला थोडे गणित करू. गटात साधारणपणे शेकडा दोन दराने आपसात कर्ज देतात. दहा हजार घेतले आणि दरमहा हजार मुद्दल फेडले, तर दहा महिन्यांत एकूण व्याज अकराशे होते. शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. खासगी मायक्रोफायनान्स कंपनीचा दरही साधारण याच आसपास असतो. चोवीस टक्क्यांनी तीस हजार चोवीस महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १,५८६ रुपये बसतो आणि व्याज आठ हजारांच्या थोडे वर जाते. दर जवळपास सारखा, मग दोन्हींत एवढा फरक का? गटाचे अकराशे गटाच्याच पेटीत राहतात आणि वर्षअखेरीस सभासदांच्या नावे पडतात. कंपनीचे आठ हजार घरोघर फिरणाऱ्या वसुली अधिकाऱ्याच्या पगारात, कार्यालयात, तिने स्वतः काढलेल्या कर्जाच्या व्याजात आणि नफ्यात जातात. लहान कर्जाचा मोठा खर्च म्हणजे त्याचा माग ठेवण्याचा खर्च. दहा लाखांच्या एका कर्जाला एक फाइल लागते, दहा हजारांच्या शंभर कर्जांना शंभर. गटात हा खर्च शून्य दिसतो, कारण तो वहीवाली मुलगी फुकट सोसते.

तिला बैठकीमागे शंभर रुपये द्यायचे ठरवा. महिन्याच्या चार बैठकांचे चारशे. गटात साठ हजारांची कर्जे फिरत असतील तर महिन्याचे व्याज येते बाराशे. त्यातला तिसरा हिस्सा एकट्या लेखनात गेला. बचत गट स्वस्त पडतात असे अर्थतज्ज्ञ सांगतात तेव्हा तो स्वस्तपणा येतो इथून. आपल्या जुन्या भिशीला हे कळत होते. बऱ्याच भिश्यांत चालवणारीला पहिला डाव न काढता मिळतो. तिच्या फिरण्याचे आणि लिहिण्याचे ते मोल. बचत गटाने भिशीतले बरेच घेतले, हे घेतले नाही.

कर्जाच्या कागदावर कोणाचे अक्षर आहे याला आपल्या मुलखात इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा झाला. तो पुढे पुणे-नगर भागात पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांना मारण्यापेक्षा त्यांचे रोखे आणि खतेपत्रे जाळण्यावर भर दिला. ज्याला वाचता येत नव्हते त्याने आपल्यावरचा मजकूर जाळला. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला तो पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात गावच्या निबंधकासमोर दस्त करण्याची, सावकाराने पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक देण्याची तरतूद होती. सरकारलाही कळले होते की निम्मे दुखणे व्याजाच्या दरात आहे आणि निम्मे लेखणी कोणाच्या हातात यात. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सावकाराइतकाच लिहिणाऱ्या कामगारवर्गावर आसूड ओढला तो याच कारणाने. म्हणून माझ्या लेखी बचत गटाची मोठी गोष्ट पापडाची नाही. कर्ज घेणारीच्या घरातली मुलगी कर्जाचा हिशेब लिहू लागली, ही घटना आमच्या जिल्ह्यात शंभर वर्षांनी घडली आणि आम्ही तिच्यावर एक ओळ लिहिली नाही.

हा विसर फक्त आपला नाही. ग्रामीण बँकेची कथा जगभर सांगितली जाते: १९७६, बांगलादेशातले जोब्रा गाव, ४२ माणसे, २७ डॉलर. मुहम्मद युनूस यांनी आपल्या आत्मकथनात प्रामाणिकपणे नोंदवले आहे की त्या ४२ जणांची यादी मैमुना नावाच्या विद्यार्थिनीने दारोदार फिरून केली. २७ डॉलर सगळ्यांना पाठ आहेत. यादी करणारीचे नाव कोणाच्या भाषणात येत नाही. २००५ मध्ये अमेरिकेत 'किवा' ही संस्था निघाली. तिच्यामार्फत कोणीही पंचवीस डॉलर बिनव्याजी उसने देऊ शकतो, आणि कर्जदारांच्या हकिकती तपासायला नि भाषांतरित करायला स्वयंसेवकांची मोठी फौज आहे. २००९ मध्ये डेव्हिड रूडमन या अर्थतज्ज्ञाने दाखवून दिले की वाचक जिचे छायाचित्र पाहून पैसे देतो तिला कर्ज बहुतेक वेळा आधीच मिळालेले असते; स्थानिक संस्थेने दिलेले, तिच्या दराच्या व्याजासह. किवाने त्यानंतर आपली मांडणी सुधारली. मला त्यात वेगळेच दिसले. तिथे स्वयंसेवक हकिकत लिहितो, इथे हिशेब. हकिकत देणाऱ्याला सुखावते. हिशेब घेणारीला सोडवतो. दोघेही फुकट राबतात, पण मान पहिल्याला मिळतो.

सोलापुरात दरम्यान दुसरेच काही घडत होते. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज देशात असे गट एक कोटी चाळीस लाखांवर आहेत. त्यांच्या मागोमाग, गटाचे नाव घेऊन, खासगी कंपन्या आल्या. २०१० मध्ये आंध्रात वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्या, ऑक्टोबरात तिथल्या सरकारने अध्यादेश काढला. पूर्व भागातल्या घरांना त्या बातम्या वर्तमानपत्राआधी नातेवाइकांकडून कळत होत्या. तरी इकडे कंपन्यांचे जाळे पसरतच गेले. पाच-दहा बायकांनी एकमेकींना जामीन राहायचे आणि प्रत्येकीने वेगळे कर्ज घ्यायचे, अशी ती पद्धत. कंपनीच्या कागदावर त्याला 'संयुक्त दायित्व गट' म्हणतात. बायका मात्र त्यालाही 'बचत गट'च म्हणतात, आणि वर्तमानपत्रेही. त्यात बचत नाही, पेटी नाही, इतिवृत्त नाही. शब्द तोच राहिला आणि आतला माल बदलला. २०२० च्या टाळेबंदीनंतर सोलापुरात वसुलीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा बातम्यांत 'बचत गटांचे कर्ज माफ करा' असे येई. वाचणाऱ्याला वाटावे की बायकांनी आपल्याच पेटीतले पैसे बुडवले.

या नव्या गटात वही नसते, हे मला सगळ्यांत जास्त खुपते. बाईच्या हाती एक छापील कार्ड आणि अधिकाऱ्याच्या हाती टॅब. एका बाईने मला तीन कंपन्यांची तीन कार्डे दाखवली. तिघांना मिळून महिन्याला किती जाते हे तिला सांगता येईना. हीच बाई पूर्वीच्या गटात अध्यक्ष होती आणि तेव्हा बारा जणींचे हप्ते तिला तोंडपाठ असत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. विडी वळणाऱ्या घरात कामाचे दिवस कारखाना ठरवतो. तिथे उत्पन्नाचा रकाना कोण भरते, कशाच्या आधारावर, हे विचारायला हवे.

सगळ्याच यशोगाथा पोकळ असतात असे नाही. माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यातल्या म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचतो. चेतना सिन्हा यांनी पुढाकार घेतलेल्या या बँकेचा परवान्याचा अर्ज पहिल्यांदा फेटाळला गेला, कारण प्रवर्तक बायकांनी अंगठे उठवले होते. बायका अक्षर शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याज काढायला सांगा, तुम्ही यंत्रावर काढा, आम्ही तोंडी काढतो. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. ही गोष्ट टिकली ती तिच्या मधोमध गणित आहे म्हणून. तिथे बाईच्या अश्रूंवर नजर जात नाही, तिच्या हिशेबावर जाते.

वहीवालीला देवी करण्याचाही माझा इरादा नाही. लेखणी हाती आली की सत्ता येते, मग ती पंधरा वर्षांच्या मुलीकडे का असेना. एका वहीत एकाच आडनावाच्या घरांत कर्जे फिरताना दिसतात, आणि अक्षरही त्याच घरातले. दुसऱ्या एका वहीत दलित वस्तीतल्या दोघींची नावे वर्षभर हजेरीत आहेत, कर्जाच्या यादीत एकदाही नाहीत. त्यांनी मागितलेच नाही की मागितलेले लिहिले गेले नाही, हे वही सांगत नाही. पण प्रश्न विचारता येतो तो वही आहे म्हणूनच. कार्ड आणि टॅबच्या व्यवहारात हा प्रश्नच उभा राहत नाही.

'उमेद' अभियानाने गावपातळीवरच्या या कामाला नाव दिले, समुदाय संसाधन व्यक्ती, आणि मानधनही. ते दरमहा तीन हजार होते, २०२३ मध्ये राज्य सरकारने सहा हजार केले. त्यासाठी या बायकांना रस्त्यावर यावे लागले. सहा हजारांत एकेकीने अनेक गट सांभाळायचे, बँकेच्या खेपा करायच्या आणि वर यशोगाथेसाठी छायाचित्रे पाठवायची. शहरातल्या जुन्या गटांना तेवढेही नाही. आता नोंदी 'लोकओएस' या प्रणालीवर चढू लागल्या आहेत. बेरजेच्या चुका टळतील, बँकेला गटाची पत चटकन दिसेल, हे फायदे खरे आहेत. पण बैठकीच्या मध्यभागी पसरलेली वही दहा जणी एकदम पाहू शकत होत्या; बोट ठेवून 'हे माझे नव्हे' म्हणता येत होते. मोबाइलचा पडदा एकीच्या तळहातात असतो. मागे वळलेली लेखणी पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाईल का, हे येत्या पाच-दहा वर्षांत कळेल.

दरम्यान वह्या रद्दीत चालल्या आहेत. गट मोडला की पेटी वाटली जाते आणि वही कोणाच्या तरी माळ्यावर पडते, मग घर बदलताना किलोने जाते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आणि शहराच्या पूर्व भागात अजून बऱ्याच असणार. सोलापूर विद्यापीठाने त्या मागून घ्याव्यात, नावे झाकून जतन कराव्यात, यासाठी फार पैसा लागत नाही. आधी हव्यात त्या १९९२ ते २०१० या काळातल्या, कंपन्या येण्याआधीच्या. माझ्याकडच्या एका वहीच्या शेवटच्या पानावर गट बंद करण्याचा ठराव आहे. शिल्लक सारखी वाटावी, पेटी अध्यक्षांनी ठेवावी, आणि वही लिहिणाऱ्या मुलीला साडीचोळीसाठी दोनशे रुपये द्यावेत, सर्वानुमते मंजूर. मुलीचे नाव लिहिलेले नाही. मला मिळालेल्या वह्यांत लेखनाच्या मोबदल्याची नोंद ही एवढीच.